ड्रुपल: लोकलवरचे बदल लाइव्हवर पुन्हा क्लिक करत बसू नका

ड्रुपल या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लोकल मशीनवर (स्वतःच्या संगणकावर) नवा कंटेंट टाइप (मजकुराचा प्रकार), फील्ड, व्ह्यू (मजकुराची यादी) बनवायचे आणि तेच सगळं लाइव्ह साइटवर हाताने परत करायचं, यात वेळ जातो आणि एखादी चौकट हमखास राहून जाते. ड्रुपल ८ पासून या सेटिंग्ज यामल (साध्या मजकुराच्या) फाइल्समध्ये उतरवता येतात.

१. सेटिंग्ज फाइलमध्ये सिंक फोल्डरचा (जिथे या यामल फाइल्स राहतात) पत्ता वेब-रूटच्या, म्हणजे ब्राउझरला थेट उघडता येणाऱ्या फोल्डरच्या, बाहेरचा द्या.
२. लोकलवर काम झालं की 'ड्रश कॉन्फिग एक्स्पोर्ट' चालवा (ड्रश म्हणजे ड्रुपलला कमांड देण्याचं साधन); सेटिंग्ज फाइल्समध्ये उतरतात. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) फरक नीट वाचून मगच कमिट करा, म्हणजे बदल नोंदवा.
३. लाइव्हवर गिटमधून कोड ओढण्याआधी 'ड्रश कॉन्फिग स्टेटस' बघा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. फरक दिसला तर कोणीतरी थेट लाइव्हवर बदल केलाय. तो आधी गिटमध्ये आणा.
४. डेटाबेसचा बॅकअप घ्या, कोड ओढा, 'ड्रश डिप्लॉय' चालवा. डेटाबेस अपडेट, इम्पोर्ट (फाइल्समधल्या सेटिंग्ज साइटवर लागू करणं) आणि कॅश साफ करणं योग्य क्रमाने होतं.

लाइव्ह आणि लोकल एकाच साइटच्या प्रती हव्यात. वेगवेगळ्या इन्स्टॉल केलेल्या असतील तर साइटचा यूयूआयडी (प्रत्येक साइटचा वेगळा ओळख-क्रमांक) जुळत नाही आणि इम्पोर्ट नाकारला जातो.

सावधान: वेबफॉर्म मॉड्यूलचे फॉर्म कंटेंट नसून कॉन्फिगरेशन (म्हणजे सेटिंग्ज) असतात. संपादकांनी लाइव्हवर बनवलेला फॉर्म तुमच्या फाइल्समध्ये नसेल, तर इम्पोर्ट तो उडवतो. असे फॉर्म इम्पोर्टमध्ये ठरावीक सेटिंग्जना हात न लावणाऱ्या 'कॉन्फिग इग्नोर' मॉड्यूलच्या यादीत आधीच टाका.