स्पेनला निघालात? आधी कोर्सचं पूर्ण नाव वाचा

आमच्या साताऱ्याच्या घरी हॉलमध्ये माझं एक स्पॅनिश सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय. जाड कागद, सोनेरी शिक्का, रेक्टरची (म्हणजे तिथल्या कुलगुरूची) सही. आईला फार कौतुक आहे त्याचं. प्रत्यक्षात त्याचा उपयोग एवढाच, की भिंतीवरची ओल झाकली जाते. राहण्या-खाण्यासकट साडेआठ लाख गेले त्यात. बाबांनी एफडी मोडली होती, उरलेलं कर्ज.

दरवर्षी दिवाळीनंतर फोन सुरू होतात. कुणाची मावसबहीण, कुणाचा विद्यार्थी. "ताई, स्पेनला जायचंय, कुठली युनिव्हर्सिटी चांगली?" मी उलट विचारते, कोर्सचं स्पॅनिशमधलं पूर्ण नाव सांग. समोर शांतता. शहर ठरलेलं असतं, जगातला कितवा नंबर तेही तोंडपाठ असतं, रूमचे फोटोसुद्धा बघून झालेले असतात. नाव मात्र "स्पॅनिश टीचिंगमध्ये मास्टर्स" इतकंच.

माझंही असंच झालं होतं. 2018 ची गोष्ट. पुण्यात बीए करता करता स्पॅनिश शिकले, बी-टू या बऱ्यापैकी वरच्या पातळीपर्यंत पोचले आणि परकीयांना स्पॅनिश शिकवण्याचा एक मास्टर्स सापडला. विद्यापीठ नावाजलेलं, फी भरायला हप्ते, आणि प्रवेश आठ दिवसांत. आठ दिवसांत! तिथेच थांबायला हवं होतं. माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरांत 'तीतुलो प्रोपियो' असं लिहिलेलं होतं. मी ते वाचलं नाही असं नाही. वाचलं, आणि खूश झाले. प्रोपियो म्हणजे स्वतःचं. विद्यापीठाची स्वतःची पदवी! आपल्याकडे संलग्न कॉलेजातून शिकलेली मुलगी आणि विद्यापीठाच्या विभागात शिकलेली मुलगी यांत केवढा फरक मानतात. मला वाटलं, हे तर थेट विभागातलं.

स्पेनमध्ये याचा अर्थ नेमका उलटा. तिथे पदव्यांच्या दोन जाती आहेत. एक ओफिसियाल, म्हणजे शासनमान्य: तिचा आराखडा मूल्यांकन संस्थेने तपासलेला असतो, ती सरकारी नोंदवहीत चढलेली असते, युरोपभर तिचे क्रेडिट धरतात आणि तिच्यावर पुढे डॉक्टरेटला जाता येतं. दुसरी प्रोपियो: विद्यापीठाने स्वतःच्या अखत्यारीत काढलेली, बाहेर मान्यता नसलेली. शिकवणारे प्राध्यापक तेच असू शकतात, वर्ग तोच असू शकतो, साठ क्रेडिटही तेवढेच.  व्हिसासुद्धा मला मिळाला होता, म्हणून तर संशय आला नाही. बँकेनेही काही विचारलं नाही.

कळलं कधी? कोर्स संपल्यावर पीएचडीसाठी एका विद्यापीठाला कागद पाठवले तेव्हा. तीन ओळींचा मेल आला. अभिनंदन वगैरे, आणि मग: आपली पदवी डॉक्टरेटला प्रवेश देत नाही. मी तो मेल रात्री दोनला भाषांतराच्या ॲपमध्ये टाकून पाहिला. बी-टू झालेली मी! वाटलं, एखादा शब्द चुकीचा समजला असेल. नव्हता.

आता हे नीट वाचा, शक्यतो दोनदा. नावात 'मास्तेर उनिबेर्सितारियो' असे दोन शब्द लागोपाठ असतील तर ती शासनमान्य पदवी. नुसतं 'मास्तेर एन' अमुकतमुक, 'मास्तेर प्रोपियो', 'एस्पेर्तो', 'एस्पेसियालिस्ता' असं काही असेल तर नाही. 2021 च्या नव्या नियमांनी या दुसऱ्या जातीला 'मास्तेर दे फोर्मासियोन पेर्मानेन्ते' असं भारदस्त नाव दिलंय, म्हणजे निरंतर शिक्षणाचं मास्टर्स. पेर्मानेन्ते वाचून "कायमस्वरूपी पदवी" असं कुणी समजू नका. मागच्या वर्षी एकीने समजून घेतलंच होतं.

आणि नावावरही विसंबू नका. इंग्रजी पानावर दोन्हींना मास्टर्सच म्हणतात. स्पेनच्या मंत्रालयाची विद्यापीठं, केंद्रं आणि पदव्या यांची एक सार्वजनिक नोंदवही आहे, तिला सगळे 'रुक्त' म्हणतात. ती ऑनलाइन फुकट उघडते. त्यात विद्यापीठाचं नाव टाका, पदवी शोधा. शासनमान्य मास्टर्सला सात आकडी कोड असतो, 43 ने सुरू होणारा. कोड सापडला नाही तर प्रवेश कार्यालयाला एका ओळीचा मेल: "या पदवीचा रुक्त कोड काय?" सरळ आकडा आला तर ठीक. "आमची पदवी उद्योगजगतात अत्यंत प्रतिष्ठित आहे" असं उत्तर आलं तर लॅपटॉप बंद करून चहा प्या. कोड सापडला तरी शेजारी 'आ एस्तिंगीर' लिहिलंय का तेही बघा. त्याचा अर्थ ती पदवी बंद होत चालली आहे.

दुसऱ्या खेपेला, 2022 मध्ये, मी शासनमान्य मास्टर्ससाठी सालामांकाला गेले. 1218 मध्ये स्थापन झालेलं विद्यापीठ; दर्शनी भिंतीवरच्या कोरीवकामात कवटीवर बसलेला एक बेडूक आहे, तो स्वतः शोधून सापडला तर परीक्षेत पास, अशी समजूत. मला एका जपानी मुलीने बोट करून दाखवला, तरी पास झाले. तर त्या दुसऱ्या पदवीचा कागद हातात आला तेव्हा पहिली ओळ वाचली: "फेलिपे सहावा, स्पेनचा राजा, आणि त्याच्या वतीने रेक्टर..." शासनमान्य पदवी राजाच्या नावाने निघते. साताऱ्याच्या फ्रेममध्ये राजा नाही, नुसता रेक्टर आहे. इतकी वर्षं तो कागद भिंतीवर होता आणि फरक पहिल्याच ओळीत होता.

मग प्रोपियो सगळ्या भंगार का? नाही. स्वयंपाक, वाईन, पत्रकारितेतलं एखादं कौशल्य, किंवा आधीच नोकरीत असाल आणि कंपनी पैसे भरत असेल, तर जरूर करा. त्यातल्या काही खरोखर उत्तम असतात. माझ्या पहिल्या कोर्समधल्या ध्वनिशास्त्राच्या बाईंइतकं चांगलं मला नंतर कुणीही शिकवलं नाही. पण पीएचडी, परत येऊन प्राध्यापकी, तिथेच राहून नोकरी शोधणं यातलं काहीही डोक्यात असेल तर नको. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी यूजीसीने 2025 मध्ये नवे नियम आणले, त्यातही पहिला प्रश्न तोच: ज्या देशातली पदवी, तिथे ती मान्य आहे का?

कन्सल्टंटबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते बदलणार नाही. ज्याला विद्यापीठाकडून कमिशन मिळतं तो तुम्हाला कमिशन न देणारी सरकारी विद्यापीठं का सुचवेल? माझ्या कन्सल्टंटला ओफिसियाल आणि प्रोपियो हा फरक माहीत होता की नव्हता, हे मला आजही ठरवता येत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवरचे तीन महिने जुने सीनियरही तसेच. ते घर, सिमकार्ड, वाणसामान याबद्दल देवमाणसं आहेत. पदवीबद्दल त्यांना विचारू नका, त्यांची स्वतःची अजून हातात आलेली नसते.

बाकीचं पटापट सांगते, कारण बाकीचं खरंच इतकं अवघड नाही.

शिकवण्याची भाषा बघा. बार्सिलोनाला जाताय म्हणजे स्पॅनिशमध्येच शिकाल असं नाही, तिथे काही विषय कातालानमध्ये असतात. वालेन्सियात वालेन्सियन, गालिसियात गालेगो. प्रत्येक विषयाच्या माहितीपत्रकात भाषा लिहिलेली असते, ती विषयागणिक तपासा. दक्षिणेकडच्या आंदालुसियात भाषा स्पॅनिशच, पण शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतात. ग्रानादाला मैत्रिणीकडे गेले तेव्हा तिच्या घरमालकीणबाई "मा ओ मेनो" म्हणाल्या आणि मला 'मास ओ मेनोस' (म्हणजे साधारण, कमीजास्त) ओळखायला अर्धा मिनिट लागला. आठवड्याभरात कान बसतो, घाबरू नका.

फी क्रेडिटवर असते आणि सरकारी विद्यापीठांत ती प्रांत सरकार ठरवतं. काही प्रांतांत युरोपबाहेरच्यांना जास्त दर लागतो, तो स्वतंत्र रकान्यात असतो. पहिला आकडा बघून नाचू नका. व्हिसासाठी दाखवायच्या पैशांचा आधार 2023 पासून महिना 600 युरो आहे, म्हणजे वर्षाला 7,200. राहायला माद्रिदमध्ये हे पुरणार नाहीत, सालामांकात काटकसरीने जमतं.

आपल्या तीन वर्षांच्या बीएवर शासनमान्य मास्टर्सला प्रवेश मिळतो, पण काही ठिकाणी "या पदवीवर भारतात एमए करता येतं" असं तुमच्या विद्यापीठाचं पत्र मागतात. मी मागायला गेले तेव्हा खिडकीतले काका म्हणाले, "अहो मॅडम, हे सगळ्यांनाच माहितीये, पत्र कशाला?" शेवटी मजकूर मीच टाइप करून नेला, सही मिळाली. पाच खेपा झाल्या. तुम्ही पहिल्याच खेपेला मजकूर टाइप करून न्या.

कागदांचा क्रम चुकवू नका: आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला शिक्का), आणि त्यानंतर शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर. उलटं केलंत तर अपोस्टीलच्या शिक्क्याचं भाषांतर राहतं आणि पुन्हा पैसे.

आणि हे सगळं दिवाळीच्या आसपास सुरू करा. आंदालुसियातल्या सरकारी विद्यापीठांचा मास्टर्सचा अर्ज एकाच पोर्टलवर असतो आणि परदेशी विद्यार्थ्यांची फेरी आधी, हिवाळ्यातच होते. जुलैच्या शेवटी जाग आली तर रुक्त कोडची शंका विचारायलाही कुणी भेटणार नाही. ऑगस्टभर स्पेन समुद्रावर असतो. एका वर्षी माझा असाच मेल 3 ऑगस्टला गेला होता, उत्तर आलं 5 सप्टेंबरला, आणि त्यात लिहिलं होतं: कृपया पुढच्या वर्षी प्रयत्न करा.