जिप्सम आणण्याआधी चर काढा

एप्रिल उजाडला की वाळवा, पलूस, मिरज, शिरोळ या कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात कुणाचे रान बिघडलेय हे विचारावे लागत नाही. ऊस तुटून गेलेला असतो आणि वरंब्याच्या माथ्यावर पांढरे मीठ फुललेले असते. सकाळी हाताला ओलसर लागते, दुपारी पायाखाली चुरते.

यातले बरेच मीठ आपणच पाण्यातून आणलेले आहे. विहिरीच्या पाण्याची ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचे माप, डेसिसायमन प्रति मीटरमध्ये) 1 असेल तर लिटरमागे साधारण 640 मिलिग्रॅम क्षार येतात. एकरभर उसाला आठ सेंटिमीटर मोकाट पाणी दिले की ते सव्वातीन लाख लिटर होते. म्हणजे एका पाळीला दोनशे किलो क्षार, चार पोती! ऊस पाणी पितो, मीठ रानातच ठेवतो. निचरा असेल तर पावसाबरोबर ते खाली उतरते. पण वर्षानुवर्षे पाणी मुरून भूजल पाच फुटांच्या आत आले, तर काळ्या चिकण मातीतून ते उन्हाळ्यात वर चढते, हवेत उडते आणि मीठ वरच्या वीतभर थरात साचते.

आता रान मोकळे आहे, तोवर आधी दुखणे ओळखा. खारवट आणि चोपण ही दोन वेगळी दुखणी आहेत. खारवटात विरघळणारे क्षार जास्त असतात, तरी माती भुसभुशीत राहते. चोपण रानात सोडिअम मातीच्या कणांवरच्या कॅल्शियमची जागा घेतो. मग कण सुटे होतात, भिजल्यावर चिखल होतो, वाळल्यावर दगड. वळवाचे पाणी चार-चार दिवस गढूळ उभे राहते. घरी पाहायचे तर बोराएवढे वाळलेले ढेकूळ काचेच्या ग्लासात डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडा आणि हलवू नका. दुसऱ्या दिवशीही पाणी दुधट गढूळ दिसले तर सोडिअमचा संशय घ्या. विहिरीचे पाणी यासाठी चालत नाही, त्यातल्या क्षारांनी गढूळपणा खाली बसतो.

खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते. बांध, झाड आणि खताच्या ढिगाची जागा सोडून आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचे वीतभर खड्डे घ्या, माती एकत्र करून अर्धा किलो ठेवा. खताच्या रिकाम्या पोत्यात भरू नका. क्षारांसाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या फुटाची मातीही वेगवेगळी द्या. जमीन आरोग्य पत्रिकेवर पीएच, ईसी, सेंद्रिय कर्ब येते, पण विनिमययोग्य सोडिअम, म्हणजे मातीच्या कणांना धरून बसलेला सोडिअम, येत नाही. तो आणि जिप्समची गरज मुद्दाम मागून घ्या. जिप्सम म्हणजे कॅल्शियमचे खनिज, ते कणांवरचा सोडिअम सोडवते. पीएच 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य सोडिअम 15 टक्क्यांच्या वर असेल तर रान चोपण. अजून एक घोटाळा नेहमी होतो. खारवटपणाची 4 ही ईसीची मर्यादा संपृक्त, म्हणजे जेमतेम पाण्याने पूर्ण भिजवलेल्या, मातीच्या अर्काची आहे. पत्रिकेवरची ईसी बहुधा जास्त पाणी घालून केलेल्या द्रावणात मोजतात, त्यामुळे आकडा बराच कमी दिसतो. 1.2 पाहून निर्धास्त होऊ नका, मोजणी कशी केली ते विचारा.

खरे काम निचऱ्याचे. उताराच्या बाजूला ओढ्यापर्यंत चार-एक फूट खोल चर काढा किंवा सच्छिद्र पाइपचा भूमिगत निचरा करा. चर शेजाऱ्याच्या रानातून जाणार असतो आणि इथेच गाडी अडते. त्याचेही रान आत्ताच मोकळे आहे, म्हणून बोलणी मे महिन्याआधी उरका. निचऱ्याविना टाकलेले जिप्सम म्हणजे मातीत घातलेले पैसे. सुटलेल्या सोडिअमला बाहेर पडायला वाटच नसते. मी अशी पोती रचलेली रानं पाहिलीत, चार वर्षांनी तशीच पांढरी.

खारवट रानाला जिप्सम लागतच नाही, चर काढून पावसाने धुऊ द्या. चोपणाला मात्र अहवालातल्या गरजेच्या निम्मे जिप्सम शेणखताबरोबर वरच्या वीतभर मातीत मिसळा. माती चुनखडीची असेल तर गंधकही चालते, पण त्याचे आम्ल जिवाणू बनवतात, म्हणून ओल आणि थोडे आठवडे लागतात. दोन्ही दोष एकत्र असतील तर नुसते मीठ धुऊ नका. मीठ जाते, सोडिअम मागे राहतो आणि रान आणखी घट्ट होते.

पहिल्या पावसावर एकरी 20 किलो धैंचा हे हिरवळीचे पीक पेरा, फुलावर यायच्या आत, साधारण 45 दिवसांनी गाडा. पाचट पेटवू नका. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून सरीतच कुजवा. या वर्षी त्या तुकड्यात हरभरा, मूग, उडीद घेऊ नका, ते मीठ सोसत नाहीत. आणि विहिरीचे पाणीही तपासून घ्या, मातीच्या पिशवीबरोबरच एक लिटरची बाटली भरून द्या.