लघवीतून शिस्टोसोमाची अंडी कशी शोधायची

लघवीत सापडणारे परजीवी मोजकेच आहेत. त्यात सूक्ष्मदर्शकाखाली थेट अंडं दाखवून निदान पक्कं करता येतं ते शिस्टोसोमा हिमॅटोबियमचं. या कृमीची जोडी मूत्राशयाभोवतीच्या शिरांमध्ये राहते आणि मादीची अंडी मूत्राशयाची भिंत फोडून लघवीत उतरतात. लघवीच्या शेवटी शेवटी रक्त येतं ते यामुळेच. हा आजार मुख्यतः आफ्रिकेचा, काही प्रमाणात मध्यपूर्वेचा. आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात 1952 मध्ये गाडगीळ आणि शाह या संशोधकांनी त्याचा स्थानिक प्रादुर्भाव नोंदवला होता. आज इथल्या लॅबमध्ये असा रुग्ण आलाच, तर बहुधा तो आफ्रिकेत नोकरी किंवा प्रवास करून आलेला असेल. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: तिकडे नदी-तलावाच्या गोड्या पाण्यात उतरला होतात का, आणि कधी? पाण्यातून संसर्ग झाल्यावर अंडी दिसायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. त्याआधीच्या निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबू नका. मलावी तलावात पोहून आलेल्याची लघवी तपासणं योग्यच. व्हिक्टोरिया तलावाकाठचा मुख्य कृमी मात्र शिस्टोसोमा मॅन्सोनी, त्याची अंडी शौचात शोधावी लागतात.

सगळ्यात जास्त चूक होते ती नमुन्याच्या वेळेत. लघवीची तपासणी म्हटली की आपण सवयीने सकाळची पहिली लघवी मागवतो. इथे ती चालत नाही. अंडी सर्वात जास्त पडतात सकाळी 10 ते दुपारी 2 या वेळेत, त्यामुळे नमुना त्याच वेळेचा हवा. देण्याआधी रुग्णाला थोडं भरभर चालायला किंवा जिना चढउतार करायला सांगा, म्हणजे अंडी सुटायला मदत होते. ‘मधली धार’ हा कल्चरचा (जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीचा) नियमही इथे सोडून द्यायचा. शेवटच्या थेंबांत अंडी जास्त असतात, म्हणून त्या वेळची सगळी लघवी स्वच्छ, कोरड्या, रुंद तोंडाच्या डब्यात घ्या. स्त्रियांचा नमुना पाळीच्या दिवसांत घेऊ नका.

नमुना लगेच तपासा. ठेवून दिला तर स्फटिक साचतात, आणि लघवी पातळ असेल तर अंडी फुटून आतली अळी बाहेर पडते. मग हाती रिकामं कवच लागतं किंवा काहीच नाही. थांबावंच लागलं तर 100 मिली लघवीला 1 मिली मूळ (पाणी न मिसळलेलं) फॉर्मॅलिन घाला.

गाळणीची पद्धत सर्वात भरवशाची. त्यासाठी 10 मिलीची सिरिंज, 13 मिमीचा फिल्टर होल्डर आणि 12 ते 20 मायक्रॉन छिद्रांचा नायलॉन किंवा पॉलिकार्बोनेट फिल्टर लागतो. डबा हलकेच पण नीट हलवा, कारण अंडी जड असतात, तळाशी बसतात. न हलवता वरची लघवी ओढली तर पुढची सगळी मेहनत वाया. 10 मिली ओढून होल्डर लावा आणि हळूहळू दाबा. जोर केला की फिल्टर फाटतो. मग सिरिंज काढून तिच्यात हवा भरा, पुन्हा जोडून ती हवा फिल्टरमधून सोडा. यामुळे उरलेली लघवी निघून जाते आणि अंडी फिल्टरला चिकटून राहतात. चिमट्याने फिल्टर उचलून स्लाइडवर ठेवा. ज्या बाजूने लघवी आली ती बाजू वर हवी. त्यावर लुगॉल आयोडिनचा एक थेंब टाका, 15 सेकंद थांबा आणि 40 पट वर्धनात फिल्टर या कडेपासून त्या कडेपर्यंत पूर्ण बघा. अंडी नारिंगी दिसतात.

फिल्टर नसेल तर लघवी तासभर उभी ठेवा, वरचं पाणी काढून टाका आणि गाळ मध्यम वेगाने दोन मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. जास्त जोरात किंवा जास्त वेळ फिरवलं तर अंडी फुटतात. तळाशी बसलेल्या गाळाच्या एका थेंबावर न भागवता तो सगळा बघा.

अंडं लांबट असतं, 110 ते 170 मायक्रॉन लांब आणि 40 ते 70 रुंद. एका टोकाला छोटा, टोकदार काटा. अंडं आडवं-तिरकं पडलं तर काटा लपतो, तेव्हा फोकस वरखाली करा. काटा टोकाला नसून बाजूला असेल तर तो मॅन्सोनी. ढगाळ लघवीतले फॉस्फेटचे स्फटिक अडथळा आणत असतील तर थोडं अ‍ॅसेटिक आम्ल घातल्यावर ते विरघळतात. आकार पटत नसेल तर डोळ्याच्या अंदाजावर सोडू नका, सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातल्या मोजपट्टीने (मायक्रोमीटरने) मोजा.

रिपोर्टमध्ये नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहू नका, 10 मिलीमागे किती अंडी ते लिहा. 50 पेक्षा कमी म्हणजे सौम्य संसर्ग, 50 किंवा जास्त म्हणजे तीव्र. लघवी 10 मिलीपेक्षा कमी मिळाली असेल तर किती गाळली तेही नोंदवा. एका नमुन्यात काही सापडलं नाही म्हणून आजार नाही असं होत नाही. संशय असेल तर वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने घ्या. लघवीतलं रक्त रंग बदलून दाखवणारी पट्टी सोबत जरूर वापरा, पण मूतखडा, जंतुसंसर्ग आणि पाळीतही ती रंग बदलते, आणि रुग्ण भरपूर क जीवनसत्त्व घेत असेल तर रक्त असूनही बदलत नाही.

नायलॉनचे फिल्टर धुऊन परत वापरता येतात: रात्रभर 1 टक्का हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचच्या द्रावणात) ठेवा, साबणाच्या पाण्याने धुवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासा. मागच्या रुग्णाचं एक अंडं अडकून राहिलं तर पुढच्याला खोटा पॉझिटिव्ह रिपोर्ट जातो. पॉलिकार्बोनेटचा फिल्टर एकदाच वापरायचा.

प्राझिक्वांटेल या कृमिनाशक औषधाने उपचार झाल्यावर एक-दोन महिन्यांनी पुन्हा नमुना घ्या. मूत्राशयाच्या भिंतीत अडकलेली मेलेली अंडी तेव्हाही बाहेर पडत असतात, म्हणून या वेळी फॉर्मॅलिन आणि आयोडिन दोन्ही टाळा. ताज्या, न रंगवलेल्या अंड्यात अळीची हालचाल दिसली तर कृमी अजून जिवंत आहे. अंडी काळी, घट्ट आणि निश्चल दिसली तर ती जुनी, मेलेली समजा.