पिवळा भृंगराज ओळखताना आणि लावताना या चुका टाळा

पिवळ्या भृंगराजाच्या बाबतीतल्या बहुतेक चुका एकाच सवयीतून होतात: पाहणारा फुलाकडे पाहतो आणि पानाकडे ढुंकूनही पाहत नाही. ही औषधी वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातली, आणि या कुळात पिवळी फुले पैशाला पासरी आहेत; त्यामुळे फुलाचा फोटो दाखवून 'हे कोणते झाड?' असे विचारणाऱ्याला मी आधी पानाचा फोटो मागतो.

नाशिकमध्ये दुभाजकांवर आणि सोसायट्यांच्या कुंपणालगत गालिच्यासारखी पसरलेली वेडेलिया अनेकांना भृंगराज वाटते. हा घोळ समजण्यासारखा आहे, कारण दोन्ही वनस्पती स्फॅग्नेटिकोला या एकाच प्रजातीतील (जीनसमधील), बहुवर्षायू आणि पेरापेराला मुळे फुटणाऱ्या आहेत. मात्र वेडेलिया मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील असून जगातील 100 सर्वांत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत तिचे नाव आहे. तिचे पान जाडसर, तुकतुकीत आणि बहुधा तीन खंडांचे, म्हणजे कडेने तीन भागांत चिरल्यासारखे, असते. पिवळ्या भृंगराजाचे पान लांबट, कडेला जेमतेम दातेरी आणि बोट फिरवल्यास खरखरीत लागणारे असते, शिवाय त्याला खंड नसतात. वेडेलियाच्याही काही पानांना खंड नसतात, म्हणून शेंड्याचे एकच पान पाहून निकाल देऊ नये. निदान हातभर फांदी खालपर्यंत तपासावी.

इंदिरानगरमधील एका परिचित निवृत्त गृहस्थांनी एका रोपवाटिकेतून 'औषधी पिवळा भृंगराज' म्हणून रोपे आणून आषाढात कुंपणालगत लावली. दिवाळीपर्यंत त्या हिरवाईने तुळशीवृंदावनाचा कठडा गाठला होता आणि घरात केसांसाठी तेलही उकळून झाले होते. पाने पाहताच ती वेडेलिया असल्याचे मी सांगितले. त्यानंतर त्यांच्या माळ्याने झटपट काम उरकण्यासाठी तिच्यावर ग्रासकटर फिरवला आणि कचरा मागच्या नाल्यालगत टाकला. वेडेलिया मुख्यत्वे खोडाच्या तुकड्यांतूनच वाढते, त्यामुळे एका वाफ्याचे संकट पुढच्या पावसाळ्यात नाल्याच्या दोन्ही काठांवर पोहोचले. असे शॉर्टकट मला मुळीच मान्य नाहीत. जमीन ओली असताना वेली हाताने मुळासकट उपटाव्यात, गच्चीवर प्लास्टिकच्या कागदावर पसरून कुरकुरीत होईपर्यंत वाळवाव्यात आणि हिरवा तुकडा कंपोस्टमध्ये कधीही टाकू नये.

पितृपक्षात श्राद्धासाठी लागणारा माका पांढऱ्या फुलांचा आणि वेगळा आहे. तेथे हा पिवळा चालवून घेऊ नये. अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या पठारावर पावसाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या सोनकीला भृंगराज म्हणणाऱ्यांनी एवढेच पाहावे की सोनकीची पाने एकाआड एक येतात, तर भृंगराजाची समोरासमोर. एकदांडीची पाने समोरासमोर असली तरी तिचे बी म्हातारीसारखे वाऱ्यावर उडते, भृंगराजाचे उडत नाही.

लागवडीत सर्वाधिक नुकसान अधीर नवशिके करतात. दोन-तीन पेरांची फांदी पसरट कुंडीत आडवी ठेवून एक पेर मातीखाली दाबले की काम झाले. परंतु मूळ फुटले का हे पाहण्यासाठी दर दोन दिवसांनी ती उपटणारी मंडळी मी पाहिली आहेत. पानांची नवी जोडी दिसेपर्यंत कुंडीला हात लावू नये. निव्वळ काळी माती पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून मी तीत कुजलेले शेणखत निम्म्या प्रमाणात आणि थोडी वाळू मिसळतो. युरियाने पाने माजतात आणि फुले रुसतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाढ मंदावली की लोक घाबरून पाणी वाढवतात आणि मुळे कुजवतात. त्या काळात वरची माती बोटाला कोरडी लागल्यावरच पाणी द्यावे, आणि तेही सकाळी.