कॉलेजात अडचण आली तर दाद कशी मागायची?

बार्शी, सांगोला, अक्कलकोटहून सोलापुरात शिकायला आलेली कितीतरी मुलं आपली अडचण फक्त तोंडी सांगत राहतात. ‘उद्या या’, ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे ऐकण्यात सेमिस्टर सरतं आणि दाखवायला हातात कागदाचा चिटोराही नसतो. म्हणून सगळ्यात आधी तक्रार लेखी द्या.

अर्ज एका पानाचा पुरे. प्राचार्यांच्या नावे लिहा. काय घडलं, कोणत्या तारखेला घडलं आणि तुम्हाला नेमकं काय हवंय, एवढंच त्यात येऊ द्या. ‘माझ्यावर अन्याय झाला’ या वाक्याने कुणी हलत नाही; ‘प्रवेश रद्द केला, फी परत मिळाली नाही, पावती सोबत जोडली आहे’ असं लिहिलं की उत्तर द्यावंच लागतं. दोन प्रती काढा. एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. ही पोच जपून ठेवा, पुढची सगळी दाद तिच्यावरच उभी राहते. पोच द्यायला नकार मिळाला तर तोच अर्ज ईमेलने आणि स्पीड पोस्टने पाठवा.

फी परतावा, शिष्यवृत्ती, अडवून ठेवलेली मूळ कागदपत्रं, रखडलेला निकाल ही सगळी प्रकरणं विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जातात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2023 च्या नियमांनुसार समितीने तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या 15 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून 15 दिवसांत लोकपालाकडे, म्हणजे अशी अपिलं ऐकायला विद्यापीठाने नेमलेल्या व्यक्तीकडे, अपील करता येतं. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या लोकपालाकडे जायचं. मुदत चुकवू नका. गुणांबद्दल शंका असेल तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन हा मार्ग वेगळा आहे, आणि त्याची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते.

रॅगिंग होत असेल तर मात्र अर्जाची वाट पाहू नका. 1800-180-5522 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंग हा गुन्हा आहे. लैंगिक छळाची तक्रार कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांत करायची. उशिराचं कारण सबळ असेल तर समिती मुदत वाढवू शकते. मुलींनो, तीन महिने उलटले म्हणून गप्प बसू नका.

या धावपळीत झोप उडते, जेवण जात नाही, जगणं नकोसं वाटतं. तसं झालं तर कागद बाजूला ठेवा आणि आधी 14416 लावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची ही सेवा मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. हॉस्टेलवर एकटं राहू नका, रूममेटला सांगा, घरी कळवा.

समितीसमोर जाताना ओळखीच्या प्राध्यापकांना किंवा मोठ्या भावाबहिणीला सोबत यायला सांगा. आत येऊ दिलं नाही तरी दाराबाहेर आपलं माणूस असलं की आवाज कापत नाही. प्रकरण कोर्टापर्यंत जाईल असं वाटलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा 15100 वर विचारा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो. जाताना अर्जाच्या प्रती, पोच आणि आलेली उत्तरं तारखेप्रमाणे लावून न्या.