पावसाळी फोटो फिका पडलाय? काँट्रास्टचा स्लायडर आधी सोडा

जुलै-ऑगस्टात चोर्ला घाट नाहीतर जांबोटीकडं फिरून आलेल्या कुणाचेही फोटो बघा, डोळ्याला गच्च हिरवं दिसलेलं असतं आणि स्क्रीनवर सगळं राखाडी. मग जो तो काँट्रास्ट उजवीकडं ओढतो, झाडं काळीकुट्ट, आभाळ पांढरंफटक, आणि वर म्हणायचं कॅमेरा चांगला नाही.

आधी हिस्टोग्राम बघा, म्हणजे काळ्यापासून (०) पांढऱ्यापर्यंत (२५५) कुठल्या उजेडाचे किती पिक्सेल आहेत त्याचा आलेख. धुकट फोटोत सगळा ढीग मधेच बसलेला असतो, शून्याकडं पण काही नाही आणि २५५ कडं पण नाही. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधे ऑल्ट दाबून धरून ब्लॅक्स आणि व्हाइट्सचे स्लायडर हलवा, डिटेल जिथं मरतंय तिथं ठिपके दिसतात, ते दिसले की जरा मागं या. गिंप या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधे लेव्हल्सचे दोन टोकांचे त्रिकोण ढिगाच्या कडेला आणायचे, तेच काम. पण काळा ठरवायचा तो पुढच्या ओल्या जांभ्या दगडावरनं किंवा खोडावरनं, मागच्या डोंगरावरनं नाही, मागचा डोंगर फिकाच असू दे की, त्यानंच तो लांब वाटतो. डिहेझ, म्हणजे धुकं कमी करणारा स्लायडर, म्हणून १०-१५ च्या वर नेऊ नये, पाऊसच पुसला जातो.

मग कर्व्ह, म्हणजे रेघ वाकवून फोटोचा उजेड-अंधार बदलायचं टूल. हलका एस, खालचा भाग थोडा खाली, वरचा थोडा वर. यानं रंग पण भडकतात, खानापूरची तांबडी माती लगेच कुंकवासारखी दिसायला लागते, म्हणून फोटोशॉपमधे कर्व्हच्या लेयरचा मोड ल्युमिनॉसिटी (फक्त उजेड बदलणारा) करा, रंग जागेवर राहतात.

गोकाकच्या धबधब्याला हे सगळं पूर्ण फोटोवर चालत नाही. पावसात पाणी गढूळ आणि फेस पांढरा, कर्व्ह ओढला की फेसाचं डिटेल गेलंच. तिथं हायलाइट्स खाली घ्या आणि फक्त कड्यावर मास्क मारून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, क्लॅरिटी (उठाव वाढवणारा स्लायडर) द्या. क्लॅरिटी नसेल तर फोटोशॉपचा अनशार्प मास्क, रेडियस ५० च्या आसपास आणि अमाउंट १५-२० टक्के, दगडाला उठाव येतो. कडा आणि आभाळ जिथं भेटतात तिथं झूम करून बघा, पांढरी रेघ दिसली तर जास्त झालं.

आणि जमलं तर रॉमधेच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधेच, काढा हो. जेपेगमधे एका रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमधे १६,३८४, त्यामुळं ढगाळ आभाळ ताणलं तरी पट्टे पडत नाहीत. एडिट करताना स्क्रीनचा ब्राइटनेस फुल ठेवू नका, नाहीतर प्रिंट हमखास काळपट येते.