विकिपीडियावर लिहिताना या चुका टाळा

मराठी विकिपीडियावर खाते उघडून त्याच संध्याकाळी नवा लेख चढवणाऱ्यांची घाई मला ठाऊक आहे, कारण मीही तेच केले होते, आणि त्या लेखातील एका आकड्याने मला पुढे तीन वर्षे छळले. आमच्या तालुक्यातील एका बारवेवर शिलालेख आहे. त्यातील ‘शके १६८४, माघ’ एवढे वाचून मी त्यात ७८ मिळवले आणि ‘ही बारव १७६२ साली बांधली’ असे संदर्भाशिवाय लिहून मोकळा झालो. शकवर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे माघ उजाडेपर्यंत इसवी सन बदललेला असतो आणि ७९ मिळवावे लागतात. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही शिवजन्माची तिथी सन १६३० मध्ये येते, ती यामुळेच.

चूक ध्यानात आल्यावर मी १७६३ केले, तर दोन दिवसांत एका नव्या सदस्याने ते उलटवले आणि पुरावा म्हणून एका वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीचा संदर्भ जोडला. पुरवणी उघडून पाहतो तो त्यात माझीच वाक्ये, ‘पाण्याला बारमाही गारवा असतो’ या माझ्या फुलोऱ्यासकट. माझी चूक छापली गेली होती आणि छापली गेली म्हणून खरी ठरत होती. शिलालेखाचे मी स्वतः केलेले वाचन तेथे चालत नाही, ते मौलिक संशोधन, म्हणजे प्रसिद्ध स्रोताचा आधार नसलेला स्वतःचा निष्कर्ष, ठरते. म्हणून शिलालेखांची वाचने छापलेला एक जुना ग्रंथ ग्रंथालयातून काढला, त्याचा पृष्ठक्रमांक लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर दिला, तेव्हा कुठे वाद मिटला. आता संदर्भ जोडण्यापूर्वी मी लेखाचा इतिहास उघडतो आणि ते वाक्य लेखात प्रथम कधी आले ते पाहतो. संदर्भ त्यानंतरचा असेल आणि शब्द तेच असतील, तर तो मी घेत नाही.

दुसरी चूक नकल-डकवीची, म्हणजे कॉपी-पेस्टची. ‘लेखकाचे नाव दिले आहे ना?’ हा युक्तिवाद ऐकून मी थकलो आहे. नाव दिल्याने प्रताधिकार संपत नाही. भारतात तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो आणि ही मुदत पुढील वर्षाच्या आरंभापासून मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०११ पासून मुक्त आहे, पु. ल. देशपांडे २००० साली गेले, त्यांच्यासाठी २०६० संपेपर्यंत थांबावे लागेल. मुक्त झालेले पुस्तकही अख्खे डकवायचे असेल तर त्याची जागा विकिस्रोत या मुक्त ग्रंथांच्या भावंड प्रकल्पावर आहे. माझी सवय अशी की मूळ मजकूर वाचून पुस्तक मिटायचे, चहा घ्यायचा आणि मग आठवेल तेवढेच लिहायचे; जे आठवत नाही ते बहुधा लेखात नसले तरी चालते.

यंत्राने केलेले भाषांतर न वाचता प्रकाशित करणाऱ्यांविषयी सौम्य लिहिणे मला जमत नाही. ‘कृष्णा नदी महाबळेश्वर येथे उगवते’ हे वाक्य मी दुरुस्त केले आहे. नदी उगम पावते, उगवतो तो सूर्य, आणि एवढे कळायला वाक्य एकदा मोठ्याने वाचले तरी पुरते.

बाकीचे थोडक्यात सांगतो. शीर्षकात ‘मा.’, ‘श्री.’ किंवा ‘डॉ.’ लावू नये. बदलाचा सारांश, म्हणजे काय बदलले ते सांगणारी ओळ, रिकामा सोडू नये. सराव धूळपाटीवर, म्हणजे सरावासाठीच ठेवलेल्या पानावर, करावा, आणि संपादन उलटवले गेले तर प्रचालकाला, म्हणजे देखरेखीचे जादा अधिकार असलेल्या सदस्याला, शिव्या देण्याआधी त्याने सारांशात काय लिहिले आहे ते वाचावे. आपल्या संस्थेवर किंवा काकांवर स्वतः लेख लिहू नये. ते खरोखर उल्लेखनीय असतील तर चर्चा पानावर किंवा चावडी या सामायिक चर्चेच्या पानावर संदर्भ ठेवावेत आणि लेखन दुसऱ्यावर सोडावे, मग काकांचा अमृतमहोत्सव परवावर आलेला असला तरीही.